पोटात असताना अर्धी भाकर

“ग्रहणात हिच्या आयनं विळी हातात धरली व्हती. तवाच म्या म्हणलं व्हतं,” आत्या शेजारच्या बाईला सांगत होत्या.

धाराशिवच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात आमचा नंबर यायचा होता. आई माझ्या दुसऱ्या बाजूला बसून सगळं ऐकत होती. ग्रहणात गरोदर बाईनं काही चिरलं तर लेकराचा ओठ फाटतो म्हणतात. माझा ओठ शाबूत आहे. म्हणून आत्यांनी तो दोष माझ्या डोक्यात नेऊन बसवला.

दिवाळीनंतर माझी झोप गेली, मग भूक. कॉलेजला म्हणून निघायचे आणि आमच्या तेर गावच्या बसस्टँडवरूनच घरी परतायचे. केस विंचरणंही ओझं वाटायचं. ‘इंग्लिश मीडियमचे नखरे’ हे आत्यांचं निदान. ते फुकट होतं आणि त्याच लायकीचं होतं. रक्त तपासलं, थायरॉइड ठीक निघाला. मग गावच्या डॉक्टरांनी इथं पाठवलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “हे डिप्रेशन आहे.” म्हणजे नुसती उदासी नव्हे. झोप, भूक, विचार, सगळं मंदावून टाकणारा आजार. मग त्यांनी आईला विचारलं, “ही पोटात असताना तुमची तब्येत कशी होती?”

आईला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आमच्या घरात आत्याच देतात.

“झ्याक व्हती की! सातव्यापासून म्या तिला अर्ध्या भाकरीवर ठिवलं. लेकरू लई वाढलं की अडतंय बघा. ही पावणेदोन किलोची झाली. सुखरूप सुटली.”

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. “आणि काम?”

“टँकरचं पाणी आणायची. बसून कोण खाऊ घालतंय?”

हे सगळं त्या अभिमानानं सांगत होत्या.

‘लो बर्थ वेट’, म्हणजे जन्मतःच वजन कमी, असं डॉक्टरबाईंनी लिहिलं. “आईची उपासमार, सततचा ताण, यांमुळं बाळाला मोठेपणी अशा आजाराचा धोका थोडा वाढू शकतो. होतोच असं नाही. हिला त्यामुळंच झालं, असंही कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण उपचार आहेत. गोळ्या मध्येच सोडू नका.”

एवढ्यातून आत्यांनी आपल्या सोयीचं तेवढं उचललं. बाहेर येताच म्हणाल्या, “ऐकलंस ना, शालन? तुझ्या पोटातूनच आलंय. जल्माचं हाय, मग गोळ्या कशाला? गोळ्या खाणारी पोरगी कोण करून घेतंय?”

“चुकलंच माझं, आक्का,” आई म्हणाली. औषधांची चिठ्ठी तिनं पिशवीत खोल सरकवली आणि मेडिकलवरून सरळ पुढं निघाली.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा. डॉक्टर शक्यता सांगतात, घरचे त्या शक्यतेलाच निकाल मानतात, आणि शिक्षा होते ती उपाशी राहिलेलीला.

आत्यांपुढं मी कधी ‘हं’च्या पुढं गेले नव्हते. आईच्या पिशवीतून मी चिठ्ठी काढून घेतली. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

“आत्या, आईचं काही चुकलं नाही. तिला उपाशी तुम्ही ठेवलं होतं. मी गोळ्या घेणार आहे, आणि पुढच्या वेळी आम्ही दोघीच येऊ.”