गोविंदरावांची अंडी

गोविंदरावांनी अंडी घातली तेव्हा मी ऑफिसात होतो.

गोविंदराव म्हणजे आमचा साप. माझ्या मुलीच्या, मुग्धाच्या, जीवशास्त्राच्या बाई गाव सोडून गेल्या, तेव्हा वर्गातला हा केशरी, बिनविषारी कॉर्न स्नेक आमच्या शॉमबर्गच्या घरी आला. तो नर आहे हे मी लायब्ररीतलं पुस्तक वाचून, शेपटीकडे बराच वेळ बघून ठरवलं होतं. (शाळेत तो दुसऱ्या एका सापाबरोबर राहत असे. तोही नरच, असं बाईंनी ठरवलं होतं. आमच्यापैकी एकाचं बरोबर होतं.)

नलिनीने, माझ्या बायकोने, ऑफिसात फोन केला. "अहो, तुमच्या गोविंदरावांनी अंडी घातलीयत."

"शक्य नाही. नर आहे तो."

"मग तुम्हीच समजावून सांगा त्याला."

मी पुस्तक पुन्हा उघडलं. अंडी उबेत ठेवावीत, ओल असावी पण पाणी लागू नये, आणि मुख्य म्हणजे ती जशी असतील तशीच ठेवावीत. उलटली तर आतलं पिल्लू गुदमरतं. हे वाक्य वाचल्यापासून माझी झोप गेली.

उबेची सोय घरात होती. इलिनॉयच्या थंडीत दही लागत नाही म्हणून मी थर्मोकोलच्या खोक्यात बल्ब बसवून एक दह्याची पेटी केली होती. अंडी त्या पेटीत गेली. तापमान खाली, ब्याऐंशी फॅरनहाइटवर आणलं, त्यामुळे दही लागायला दोन-दोन दिवस लागू लागले. नलिनी म्हणाली, "सापाचं बाळंतपण होईपर्यंत आम्ही काय दूध-भात खायचा?" शेवटी तह झाला. पेटीत डावीकडे अंड्यांचा डबा, उजवीकडे दह्याचा. दोन्ही डबे आइस्क्रीमचे, दोन्हींवर व्हॅनिला लिहिलेलं. (अमेरिकेतल्या मराठी घरात आइस्क्रीमचा डबा कुणी टाकत नाही, आणि त्यात आइस्क्रीम आहे असं कुणी समजतही नाही.)

ऑगस्टमध्ये मुग्धा आठवडाभर कॅम्पला निघाली. अंडी फुटायला आली होती.

"बाबा, प्रॉमिस मी. डोन्ट मूव्ह देम."

"हात लावणार नाही."

"लास्ट टाइम यू सेड दॅट अबाउट माय गोल्डफिश."

त्या माशाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

मी पेटीसमोर खुर्ची टाकून बसू लागलो. थर्मामीटर खुर्चीतून दिसेना, म्हणून एका सकाळी मी आतलं काही न हलवता अख्खी पेटी अलगद फिरवून घेतली. अंड्यांना धक्काही लागला नाही याचं मला समाधान वाटलं. डावं आता उजवीकडे गेलं, हे काही डोक्यात आलं नाही.

त्याच दिवशी पटवर्धनांकडे श्रावणातला सत्यनारायण होता. पंचामृताचं दही आमच्याकडून जायचं होतं. नलिनी साडी नेसून घाईत म्हणाली, "उजवीकडचा डबा घ्या हो." मी घेतला.

गाडीत डबा तिच्या मांडीवर. "हळू चालवा, दही मोडेल." थोड्या वेळाने म्हणाली, "छान घट्ट लागलंय आज. हलत पण नाही."

पटवर्धनांकडे पूजा कॅसेटवर चालली होती. कॅसेटमधल्या गुरुजींनी दही मागितलं. सांगलीहून आलेल्या पटवर्धनांच्या आई सोवळ्यात बसल्या होत्या. त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि नुसत्या बघत राहिल्या.

"अंडी?" त्या म्हणाल्या. "सत्यनारायणाला?"

कॅसेट बंद झाली. तीस माणसं माझ्याकडे बघत होती. मला फक्त एवढंच दिसत होतं की एअर कंडिशनरचा गार झोत थेट डब्यावर येतोय.

"आजी, ती खायची नाहीत," मी म्हणालो. "सापाची आहेत."

याने परिस्थिती सुधारेल असं मला का वाटलं, कोण जाणे. नलिनीने डोळे मिटून घेतले. पण आजींचा चेहरा एकदम निवळला.

"सापाची? मग आधी नाही का सांगायचं? श्रावणात घरी आलीयत ती." त्यांनी डबा चौरंगाशी ठेवून घेतला आणि एकेका अंड्यावर हळद-कुंकू वाहायला सुरुवात केली.

"आजी, हलवू नका हं. उलटली तर..."

"आठ बाळंतपणं केलीयत मी घरातली. मला शिकवू नका." मग त्यांनी दुधाची पळी उचलली.

मी दोन्ही हात डब्यावर आडवे धरले. "दूध नको. बुडतील."

"अहो, पळीभर."

"त्यांना अजून तोंड फुटलेलं नाहीये, आजी."

हे त्यांना पटलं. दूध टळलं. एअर कंडिशनर मात्र मी बंद करायला लावला. रेशमी कपड्यांतली तीस माणसं पाचही अध्याय घाम पुसत बसली आणि मी डबा मांडीवर घेऊन वर उपरणं पांघरून बसलो. एक काकू नलिनीला हळूच म्हणाल्या, "यांची तब्येत बरी आहे ना?"

"नाही," नलिनी म्हणाली. "पण हे नेहमीचं आहे."

(ती असती तर ही गोष्ट तिनेच सांगितली असती, आणि मी शेजारी बसून तपशील दुरुस्त केले असते. आता दुरुस्त करायला कुणी नाही, म्हणून मला जपून लिहावं लागतंय.)

प्रसाद न खाताच आम्ही निघालो. ऑगस्टच्या उन्हात गाडीचा हीटर लावून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी मुग्धा परतली आणि बॅग न ठेवताच पेटीकडे धावली.

"बाबा. व्हाय आर दे रेड? आर दे ब्लीडिंग?"

"कुंकू आहे ते."

"व्हॉट?"

मी सगळं सांगितलं.  ती खुर्ची ओढून पेटीसमोर बसली. मीही मागे उभा राहिलो. एवढी भीती मला तिच्या जन्माच्या वेळीही वाटली नव्हती. तेव्हा निदान डॉक्टर होते. तिसऱ्या दिवशी एका अंड्याला बारीक चीर पडली आणि त्यातून नखाएवढं नाक वर आलं. मग दुसरं. एक सोडून सगळी फुटली. पहिलं पिल्लू बाहेर आलं ते कपाळाला कुंकू लावूनच.

मुग्धाने मला मिठी मारली. आजींनी सांगलीला परत जाईपर्यंत रोज फोन करून बाळांची चौकशी केली.

त्यानंतर गावात कुणाकडेही पूजा असली की यजमान मला आवर्जून स्वतः फोन करत. "या हं नक्की, तुमच्याशिवाय मजा नाही," ते म्हणत, आणि जरा थांबून पुढे, "फक्त येताना हात मोकळे ठेवा."