पकड अधिक, पकड उणे

सरांच्या वहीचं पान उलटलं की मैदानातल्या तांबड्या मातीचा वास येतो, आणि तिचा बारीक रवा बोटाला लागतो. मोहने गावातल्या आमच्या मुलींच्या कबड्डी संघाची ती वही मी हौसेनं संगणकावर उतरवली. प्रशिक्षक भालेराव सरांनी आखलेल्या रकान्यांची नावं मात्र काय वर्णावी! ‘चढाई (बोनस धरून)’, ‘पकड +’, ‘पकड -’. अधिक म्हणजे साधलेली, उणे म्हणजे फसलेली. माणसाला हे क्षणात उमगतं. माझा प्रोग्रॅम मात्र नावातल्या प्रत्येक मोकळ्या जागेपाशी, प्रत्येक कंसापाशी अडून बसायचा.

मग मी काय केलं? कोलशेतच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहिताना वीस वर्षं जे करत आले तेच! नावांतली सारी चिन्हं एका ओळीत पुसून टाकली. नावं कशी निर्मळ, आज्ञाधारक झाली. प्रोग्रॅम निमूट चालला, जिल्हा निवडीसाठी पकडींच्या क्रमानं यादी निघाली, आणि सरांनी ती संघाच्या ग्रुपवर टाकलीसुद्धा.

यादीत प्रज्ञा नव्हती. उजव्या कोपऱ्यातून झेपावून एकदा घोटा धरला की सोडायचं नाव न घेणारी प्रज्ञा! आणि सगळ्यात वर कोण, तर जिच्या हातून समोरची हमखास निसटते ती. थोड्याच वेळात सरांचा फोन आला. “ताई, माझं डोकंच चालेना. पाचपर्यंत यादी ठाण्याला द्यायचीय. कायतरी गडबड आहे, बघा ना जरा.” पण बघू काय? प्रोग्रॅम कुठे चूक दाखवत नव्हता, कुठे काही अडलं नव्हतं. दुपारभर मी पडद्याकडे नुसती बघत राहिले. खरं सांगते, एकदा वाटून गेलं, आकडेच बरोबर असतील, आपल्यालाच त्या पोरीची माया असेल.

शेवटी रकाने मोजले. वहीत नऊ, माझ्याकडे आठ! चिन्हं पुसल्यावर पकडींच्या दोन्ही रकान्यांचं नाव नुसतं ‘पकड’ उरलं होतं, आणि मागून आलेल्या उण्यानं आधीचं अधिक गिळून टाकलं होतं. फसलेल्या पकडींनाच मी पराक्रम समजून बसले होते; आणि प्रज्ञाच्या फसलेल्या पकडी तर अगदी मोजक्याच होत्या! मग सरांची नावं होती तशीच ठेवली, अवतरणचिन्हांत जपून बसवली आणि प्रोग्रॅमला पुन्हा विचारलं. प्रज्ञा पहिली आली. साडेचारला नवी यादी ठाण्याला गेली.

माफी मागायला मी प्रज्ञाला फोन केला. ती हसली. “अहो ताई, सॉरी काय त्यात? कॉम्प्युटरनं काढलेली ना यादी! मी म्हटलं, माझ्याच पकडी सुटत असतील, मला कळलं नसेल.” मला भयंकर लाज वाटली. गुडघे सोलवटून कमावलेली एकेक पकड या मुलीनं एका दुपारीत खोटी मानली, तीही माझ्यावर विसंबून! चूक शोधायला मला निदान रकाने होते. तिच्याजवळ काय होतं?

“आता नक्की ना, ताई?” तिनं हळूच विचारलं.

नक्की, मी म्हणाले. आणि इतकी वर्षं यंत्राकडून नक्की उत्तरं मिळवत आलेली मी तो एवढासा शब्द उच्चारताना चाचरले.