साडेसातचा तास

आमच्या नोकरीत बढतीला बढती म्हणत नाहीत, स्थाननिश्चिती म्हणतात. मी भोर तालुक्यातल्या एका कॉलेजात बावीस वर्षं भूगोल शिकवते आहे, त्याच इमारतीत आणि खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी, तरी माझं स्थान निश्चित झालेलं नव्हतं. ते निश्चित करायला विद्यापीठात तीन माणसं बसतात, आणि त्या तिघांनी भोरचा रस्ता कधी पाहिलेला असावा असं कुठल्या नियमात नाही. सहायक प्राध्यापकाची सहयोगी प्राध्यापक व्हायला मला आधीच सात वर्षं उशीर झाला होता. माझ्याबरोबर लागलेले सगळे पुढे गेले होते. दहा वर्षांनी लहान असलेले एक गृहस्थ स्टाफरूममध्ये चहा ढवळत विचारायचे, मॅडम, तुमचं अजून नाही का झालं? मला ते लागायचं. लागत नव्हतं असं आता म्हणण्यात काही अर्थ नाही.

स्थाननिश्चितीसाठी फाईल करावी लागते. केलेल्या प्रत्येक गोष्टीचा कागद तिच्यात लावायचा. कागद नसेल तर ती गोष्ट झालेलीच नाही. गॅसच्या ओट्यावर मोबाईल उभा करून, पोळ्या लाटत मी ऑनलाइन कार्यशाळा ऐकल्या आहेत. ऐकल्या म्हणजे चालू ठेवल्या आहेत. त्यांची रंगीत प्रमाणपत्रं आली आणि त्यांना गुणही मिळाले. वृक्षारोपणाचा आमचा फोटो दरवर्षी त्याच खड्ड्यापाशी निघतो, कारण आदल्या वर्षीचं रोप तोवर मेलेलं असतं. त्यालाही गुण आहेत. आणि या सगळ्यात एक वही असते, शैक्षणिक दैनंदिनी. कुठला तास किती वाजता घेतला, काय शिकवलं, किती मुलं हजर होती, हे शिक्षकानं रोज स्वतःच्या हातानं लिहायचं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. आमच्या शेजारच्या केबिनमधले वाणिज्यचे सर वर्षाची दैनंदिनी मार्च महिन्यात दोन दिवसांत लिहून काढतात. मी ती रोज लिहायचे आणि खरी लिहायचे. माझा मूर्खपणा तिथून सुरू होतो.

दुसऱ्या वर्षाचा माझा तास सकाळी साडेसातला होता. वर्गात चौदा मुलं, त्यातली नऊ हिर्डोशीच्या बाजूची, वरंध घाटाकडून येणारी. पूर्वी हिर्डोशीला मुक्कामी गाडी असायची. ती रात्री वर थांबायची आणि पहाटे निघून मुलांना सातला भोरच्या स्टँडवर सोडायची. साथीच्या काळात ती बंद झाली ती झालीच. आता सकाळी भोरहून गाडी वर जाते आणि तीच खाली येते, त्यामुळे मुलं उतरेपर्यंत पावणेदहा वाजतात. कितीतरी जणांना त्या गाडीसाठीही आधी वाडीवरून खाली चालत यावं लागतं.

वेळापत्रक बदला म्हणून मी प्राचार्यांकडे दोनदा गेले. त्यांनी दोन्ही वेळा खोल्यांची अडचण सांगितली. मग मी माझ्यापुरता उपाय काढला. भोरच्या पाच मुलांशी बोलले आणि साडेसातचा तास साडेबाराला, भूगोलाच्या प्रयोगशाळेत घ्यायला लागले. दोनच्या गाडीच्या आत तो संपायचा. चौदाच्या चौदा मुलं यायची. दैनंदिनीत मी जे घडलं ते लिहायचे. साडेसातच्या ओळीत, 'तास झाला नाही'. शेऱ्यात, 'गाडी पावणेदहाला आली. तास साडेबाराला घेतला. हजर १४.' पावसात दरड आली की तेही लिहायचे. एका पानावर तर हळदीचा डाग आहे, कारण ते पान मी घरी उत्रोलीला स्वयंपाक करता करता लिहिलं होतं. अशी तीन वर्षं भरली.

मुलाखतीला तीन माणसं होती. माझे दोन शोधनिबंध कुणी उघडले नाहीत, पण दैनंदिनी मात्र विषयतज्ज्ञांनी बोटाला थुंकी लावून पान-पान पाहिली. त्यांनी लाल पेनानं 'तास झाला नाही' या ओळींवर खुणा केल्या, त्या मोजल्या आणि म्हणाले की नेमून दिलेल्या तासांपैकी पुरेसे तास झालेले दिसत नाहीत. मी सांगितलं, सर, तास झालेत, साडेबाराला झालेत, शेजारीच लिहिलंय. त्यांनी वेळापत्रक काढलं. साडेबाराला माझा तास त्यात नव्हता. मी गाडीचं सांगायला लागले तेव्हा मधल्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं.

"मॅडम," विषयतज्ज्ञ म्हणाले, "तुमच्याच अक्षरात लिहिलंय, तास झाला नाही. आम्ही काय करणार?"

मी नापास झाले. परत येताना इतका संताप झाला होता की गाडीत बसवेना. शिवऱ्याला उतरले आणि हायवेच्या कडेच्या टपरीवर दोन चहा प्यायले. तीन वर्षांत एकही तास बुडवला नव्हता. आणि ज्यांनी डिसेंबरपासून वर्गाचं दार उघडलं नव्हतं त्यांच्या दैनंदिन्या त्याच टेबलावरून निर्मळ बाहेर पडल्या होत्या. त्या माणसाच्या लाल पेनाचा मला आजही राग येतो.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत, उलट हळहळले. पुढच्या फेरीत पुन्हा पाठवू म्हणाले, फक्त दैनंदिनीत थोडी दुरुस्ती करा. कोरी वही त्यांनी हेडक्लार्ककडून काढूनही ठेवली होती. आणि आता साडेबाराचा तास बंद करा, म्हणाले, तो वेळापत्रकात नाही, उद्या कुणी विचारलं तर माझी पंचाईत होईल. प्रयोगशाळा त्या वेळी दुसऱ्या वर्गाला दिली आहे, असंही त्यांनी सांगितलं. वेल्ह्याकडे नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी फोन केला. ती हसली. सगळे लिहितात गं, तूच एकटी अशी काय चिकटून बसली आहेस, म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी लिहायला बसले. दुपारी जेवण झालं की टेबल पुसायचं आणि तीन वर्षं पुन्हा जगायची, या वेळी वेळापत्रकाप्रमाणे. सगळी पानं एका दमात लिहिल्यासारखी दिसू नयेत म्हणून तीन पेनं घेतली. मधूनच एखाद्या दिवशी हजेरी तेरा केली, खरी वाटावी म्हणून. जिथे दरड आली होती तिथे लिहिलं, 'मान्सूनच्या शाखा व वितरण. हजर १४. वेळ ७.३०.' आठवड्याभरात हात बसला. मला हे काम आवडायला लागलं होतं हे सांगताना आज लाज वाटते, पण आवडत होतं. सगळं नीट जुळत होतं. जुनी वही रद्दीत टाकायची होती, ती मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली. का ठेवली ते ठाऊक नाही.

पुढच्या मुलाखतीत मी पास झाले. त्या वेळचे विषयतज्ज्ञ वेगळे होते. त्यांनी माझी दैनंदिनी बाकीच्या दोघांना दाखवली आणि नवीन शिक्षकांच्या प्रशिक्षणात नमुना म्हणून ठेवावी अशी आहे, म्हणाले. मी आभार मानले. कॉलेजात पेढे वाटले, आणि त्या चहा ढवळणाऱ्या गृहस्थांना मुद्दाम दोन दिले. माझ्या दारावर नवी पाटी लागली.

साडेसातच्या तासाला आता पाच मुलं असायची. नऊ जण दहाच्या सुमाराला येऊन दुसऱ्या विषयांना बसायचे. हिर्डोशीची एक मुलगी होती, नकाशा हातात दिला की चढ कुठे तीव्र आहे ते उंचीच्या रेषा न मोजता सांगायची. ती एकदा दारात येऊन विचारून गेली की साडेबाराचं परत कधी सुरू होणार. मी म्हणाले, बघू.

त्याच मुलीचे वडील पुढच्या उन्हाळ्यात मला भेटायला आले. भात आणि नाचणी करणारा माणूस, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत एसटीच्या आगाराचं पत्र, त्याला आमच्या कॉलेजच्या उत्तराची प्रत जोडलेली. ग्रामसभेनं ठराव केला होता की पोरांना कॉलेज गाठता येत नाही, मुक्कामी गाडी पुन्हा सुरू करा. आगारानं रीतसर कॉलेजला विचारलं होतं की या गावांतल्या मुलांचा पहिला तास खरंच बुडतो का. आणि आमच्या कॉलेजनं रीतसर उत्तर दिलं होतं. हेडक्लार्कनं अधिकृत नोंदी काढल्या, त्यात माझी दैनंदिनी सगळ्यांत चांगली भरलेली होती. तिची पानं जोडून कळवलं, की सकाळी साडेसातच्या तासाला सर्व विद्यार्थी नियमित हजर असल्याचे अभिलेखावरून दिसते. अर्ज निकाली निघाला होता.

मी ते पत्र उभ्यानं वाचलं. खाली जोडलेल्या पानावर माझंच अक्षर होतं, मान्सूनच्या शाखा व वितरण, हजर १४.

ते आरोप करायला आलेले नव्हते, हेच मला सहन होईना. त्यांनी खुर्चीवर बसायलाही दोनदा नको म्हटलं. पहिला तास मिळत नाही म्हणून पोरगी मागे पडतेय, असंच राहिलं तर यंदा तिला घरी बसवावी लागेल, कारण तास गाठायला पहाटे रानातून चालत खाली एकटीला सोडवत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले,

"बाई, आमास्नी म्हाईत हाय, तुमी खोटं लिवणार न्हाई. हापिसात कुनाची तरी चूक झाली आसंल. तेवढी दुरुस्ती करून द्या."

माझ्या तोंडून 'बघते' एवढंच निघालं. त्यांना दोनची गाडी गाठायची होती. पत्र माझ्याकडेच ठेवून ते गेले.

त्यानंतर मी अकरा दिवस काही केलं नाही. अकरा दिवस मी सगळ्यांवर चिडून घेतलं. लाल पेनवाल्यावर चिडले, प्राचार्यांवर, हेडक्लार्कवर, गाडीवर, आणि ग्रामसभेला आत्ताच ठराव करायचं कसं सुचलं म्हणून तिच्यावरसुद्धा. घरात भांडी आपटली. या सगळ्यांवर चिडायला मला जागा होती आणि अजून आहे. पण ते अक्षर त्यांच्यापैकी कुणाचं नव्हतं. आणि साडेबाराचा तास बंद करताना मी एकदाही नाही म्हटलं नव्हतं. पाटीसाठी गप्प बसले होते. बाराव्या दिवशी खालच्या कप्प्यातली वही काढली आणि आगारात गेले.

आगारातले साहेब सभ्य होते. त्यांनी फाईल मागवली आणि कॉलेजच्या पत्राला जोडलेली पानं व माझी जुनी वही शेजारी शेजारी ठेवली. त्याच तारखा, तोच वर्ग, तेच अक्षर. हळदीच्या डागावर त्यांची नजर थोडी थांबली.

"मॅडम, यातली खरी कुठली?"

"ही," मी जुन्या वहीवर हात ठेवला.

त्यांनी फाईल मिटली. मग सांगितलं की असं असेल तर तसं लेखी लागेल, आणि त्याची एक प्रत कॉलेजला पाठवणं त्यांना भाग आहे. मला ते येतानाच ठाऊक होतं. त्यांनी कोरा कागद दिला. मी लिहिलं की हिर्डोशी बाजूचे नऊ विद्यार्थी पावणेदहापूर्वी भोरला पोहोचू शकत नाहीत, त्यांचा पहिला तास रोज बुडतो, आणि यापूर्वी जोडलेली पानं खोटी असून ती मीच लिहिली आहेत. एका पेनानं लिहिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्यापुढे परत ठेवला.

"खाली सही करा, आणि हुद्दा घाला. हुद्द्याशिवाय घेता येत नाही."

सही झाली. हुद्द्याच्या जागी पेन अडलं. सहायक लिहिलं असतं तर ते पुन्हा खोटं झालं असतं, आणि खोटं लिहायला मी तिथे गेले नव्हते. म्हणून 'सहयोगी प्राध्यापक' असं लिहिलं, पूर्ण लिहिलं, आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.