नद्यांचं बलाबल

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात बेल्याला गावच्या बोरिंगवर अशी कुजबुज उठली, की ड्रिलमास्तर अमृतराव दुसरी बायको करणार आहेत, आणि त्यासाठी एक-दोन नव्हे, चांगल्या सात पोरी त्यांनी हेरून ठेवल्या आहेत.

बातमी आणली सोनाबाईनं. तिच्या आणि मास्तरांच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत. ती भिंत मांजराला अडवत नव्हती, तर सोनाबाईच्या कानांना काय अडवणार?

"माह्या या कानानं ऐकलं, बाप्पा! एकटाच बोलून राह्यला होता. म्हणे, गोदावरी उंच हाय पन लवकर दमते. चंद्रभागा बुटकी हाय, पन चपळ लय. अन् नर्मदेची डावी बाजू कच्ची हाय म्हणे!"

हापशावरच्या बाईचा हात वरच्या वर थांबला. "डावी बाजू? त्यानं कशी पाह्यली?"

"आता ते मी का त्याले इचारू? पन भागीरथीले रविवारी पाहू, असं बोलला. ते मात्र पक्कं ऐकलं."

रविवार उजाडेपर्यंत गावात ज्या ज्या घरी गोदावरी किंवा भागीरथी नावाची लग्नाची पोरगी होती, त्या त्या घरचा बाप मास्तरांना रामराम करायचा बंद झाला. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांच्या लक्षात एकच गोष्ट यायची, आणि तीही गावात नव्हती.

ती गोष्ट म्हणजे बास्केटबॉल. हैदराबादेत ड्रिलमास्तरकी शिकताना त्यांना या खेळाची बाधा झाली आणि ती काही उतरली नाही. बेल्याच्या शाळेत रुजू झाल्यावर त्यांनी इतके अर्ज केले, की शेवटी वरून एक लोखंडी खांब आला, वर फळी आणि कडं असलेला. मैदानाच्या एका टोकाला तो रोवला. दुसऱ्या टोकाचा खांब मागाहून येणार होता. तो कोण्या कचेरीत आडवा पडून राहिला देव जाणे, आला नाही. एका खांबावर सामना कसा खेळायचा? पोरं पुन्हा कबड्डीकडे वळली. पंधरा ऑगस्टला त्या कड्यात भोंगा बसवायचे, एरवी खांबाला कुणाची तरी शेळी बांधलेली असायची. मास्तर तिथून जाताना मान दुसरीकडे वळवायचे, उधारीवाल्याच्या दुकानावरून जावं तसे.

आता बोरिंगवरची बातमी फिरत फिरत मास्तरांच्या बायकोपर्यंत, रेणुकाबाईपर्यंत, पोचली. दुसऱ्या कुणी ती हसून सोडून दिली असती. रेणुकाबाईला हसू आलं नाही, त्याला कारण होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. मुधोळकडच्या गावी राहणारी सासू, मथुराबाई, दर दसऱ्या-दिवाळीला येऊन एकच विषय काढायची. दुसरी केली तर सरकारी नोकरी जाते, असं मास्तरांनी तिला सांगून पाहिलं होतं. त्यावर म्हातारी म्हणाली होती, "सरकार काय घरात येऊन बायका मोजते?" तेव्हा मास्तर "नाही" म्हणाले नव्हते. "पाहू" म्हणाले होते. तो "पाहू" रेणुकाबाई विसरली नव्हती.

रविवारी जेवणं झाली. मास्तर मधल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "भागीरथी पुढं सरकली..."

रेणुकाबाईनं लाथेनं दार उघडलं.

आत मास्तर घोंगडीवर मांडी घालून एकटेच. समोर फोडलेल्या चिंचोक्यांचे ढीग. बायका अष्टाचंगा खेळतात, तसले. मुठीतले चिंचोके खळखळवत होते, ते तसेच राहिले.

"कुठं हाय भागीरथी?"

"ही काय," मास्तरांनी एका ढिगाकडे बोट दाखवलं. "नर्मदेसंग चालू हाय तिचं."

हळूहळू उलगडा झाला. भागीरथी म्हणजे बास्केटबॉलची एक टीम. मास्तरांनी सात टीमा केल्या होत्या आणि सगळ्यांना नद्यांची नावं दिली होती. प्रत्येक टीमचे खेळाडू मनातले, पण एकेकाची उंची, दम, डावा हात, उजवा हात सगळं ठरलेलं. सामन्याआधी मास्तर दोन्हीकडचं बलाबल तोलायचे आणि त्या जोरावर टीमला चिंचोके द्यायचे. तगडीला सहा, बरीला पाच, दुबळीला तीन. मग आळीपाळीनं फेकायचे. पांढरी बाजू वर पडली की चेंडू कड्यात गेला, काळी पडली की नेम चुकला. असा सगळ्यांचा सगळ्यांशी सामना. मैदानावर एकच खांब होता, घोंगडीवर दोन होते.

रेणुकाबाई घोंगडीच्या कडेला बसली.  मग तिनं ढिगांवरून नजर फिरवली. "आपली पैनगंगा कुठं हाय?"

"ती नाही घेतली."

"काऊन?"

"तिच्यात काय जोर हाय? उन्हाळ्यात बकऱ्या चालत जातात तिच्यातून."

रेणुकाबाईचं माहेर पैनगंगेच्या काठचं. तिनं पदर खोचला. "अन् पुरात पाह्यली काय कधी? तुमची भागीरथी म्या पाह्यली नाही, तुमी पाह्यली नाही, तिले सहा चिंचोके. दारातली नदी चालत नाही तुमाले? घाला तिले."

मास्तरांनी पैनगंगेला तीन चिंचोके दिले. आठवी टीम झाली, आणि रेणुकाबाई तिची मालकीण.

पहिले सगळे सामने ती हरली. पण प्रत्येक सामन्याआधी भांडायची मात्र खणखणीत. गोदावरी दमते म्हणता, तर तिला सहा कायले? कृष्णेतला तो लंगडा गडी बरा कधी झाला? मास्तर चिडायचे, दोन-दोन वेळा तोलायचे आणि पुन्हा तीनच द्यायचे. भिंतीपलीकडून सोनाबाईचं लक्ष होतंच. तिला एके दिवशी राहवेना. डोळे मिचकावत आत आली आणि म्हणाली, "मास्तरीनबाई, मले नर्मदा द्या. तिच्या डाव्या बाजूचं पाह्यतो मी काय करायचं ते." बोरिंगवर मग नव्या बातम्या सुरू झाल्या. काल तापी कशी बुडाली आणि चंद्रभागेनं कसं नाक कापलं.

संक्रांतीच्या आगेमागे मथुराबाई आली. या वेळी नुसता विषय घेऊन नाही, तर मुलगी घेऊनच, म्हणजे मुधोळच्या एका घरचं बोलावणं घेऊन. गरीब घर, पाच बहिणी, पहिली बायको असली तरी द्यायला बाप तयार. रविवारी दुपारी सगळे घोंगडीभोवती असताना म्हातारीही येऊन टेकली. थोडा वेळ पाहत राहिली.

"या ढिगात तीनच काऊन?"

"ती पैनगंगा हाय, माय. कमजोर हाय," मास्तर म्हणाले.

"मंग ठेवली कायले? बदलून टाक."

सोनाबाईनं जीभ चावली. मास्तरांनी फेकायला उचललेले चिंचोके उगाच मोजायला घेतले. रेणुकाबाई त्यांच्याकडे पाहून सरळ म्हणाली,

"मास्तर, माह्यावर किती चिंचोके लावले तुमी? आज आत्याबाईसमोर सांगून टाका."

मास्तरांनी चिंचोके खाली ठेवले आणि उठून बाहेर गेले. म्हातारीनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं लेकाला मुधोळला घेऊन गेली. मास्तर गेले. इस्तरीचा सदरा घालून गेले. रेणुकाबाईनं तो सदरा स्वतः काढून दिला होता.

त्यानंतर तिनं घर सारवलं, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. दुपारी सोनाबाई आली. तिच्याकडे पहिल्यांदाच सांगण्यासारखं काही नव्हतं. "माहेरी जातं काय वो?" तिनं हळूच विचारलं.

"घर माहं हाय. मी काऊन जाऊ?" रेणुकाबाई म्हणाली. "घोंगडी टाक. नर्मदा अन् पैनगंगा राह्यली हाय."

तिनं नर्मदेला पाच दिले आणि पैनगंगेला सहा. सोनाबाई, जी एका चिंचोक्यासाठी अख्खं गाव डोक्यावर घ्यायची, त्या दिवशी आपले पाच उचलून फेकायला लागली.

उन्हं कलता कलता मास्तर परत आले. एकटेच. म्हातारी मुधोळहून परस्पर आपल्या गावी गेली होती, आणि जाताना लेकाशी बोलली नव्हती. मास्तरांनी चपला काढल्या, दारातूनच डाव पाहिला.

"पैनगंगेले सहा कोनं देल्ले?"

"म्या."

मास्तर आत येऊन बसले. ढीग हातानं सारखा केला. त्यातला एकही काढला नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "तिकडं नाही म्हणून आलो."

सोनाबाई घाईघाईनं उठली. तिला बोरिंग गाठायचं होतं. रेणुकाबाईनं नवऱ्याला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "फेका. पाळी तुमची हाय."

पुढं पैनगंगा कधी जिंकली, कधी हरली, पण तिचा सहावा चिंचोका कुणी काढला नाही. मूल काही झालं नाही. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास शाळेच्या मैदानावर दुसरा खांब एकदाचा आला. मास्तर तेव्हा डोक्यानं पार पांढरे झाले होते. पहिला सामना लागला, तेव्हा त्यांनी रेणुकाबाईला खास नेलं. ती पदर डोळ्यांवर धरून अर्धा वेळ बसली आणि म्हणाली, "एवढं पळून राह्यले अन् बोलत कोनीच नाही. घरचाच बरा आपला." ती उठून गेली. मास्तर सामना संपेपर्यंत थांबले, पण मन तिकडे नव्हतं असं पोरं सांगतात.

नंतर कुणी ती जुनी कुजबुज काढली, की सोनाबाई स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायची. "मी येडी! नद्यांले पोरी समजली. मास्तर कोनाच्या पोरीकडं पाह्यनारा मानूस नाही वो." गावानंही तेच धरलं, आणि मुधोळची चक्कर म्हणजे आईचं मन राखण्यापुरती होती, असं ठरवून टाकलं.

मुधोळची मुलगी मास्तरांना आवडली होती. हे त्यांनी रेणुकाबाईला त्याच आठवड्यात सांगितलं होतं.