मामाजींच्या वाटचं पाणी

आमच्या घरात उन्हाळा लागला की दोन माणसांना बोलणी बसतात. मला, पाणी पीत नाही म्हणून. आणि मामाजींना, पाणी पितात म्हणून. बोलणारी एकच, माझी आई. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती एका दमात दोघांनाही पुरते. "तू पे," हे मला. "तू ठेव खाली," हे मामाजींना, म्हणजे तिच्या भावाला. कधी घाईत तिचं उलटं होतं, तेव्हा आम्ही दोघंही फार आज्ञाधारक होतो.

मला जन्मापासून सिकलसेल आहे. अंगातलं पाणी कमी झालं की माझ्या रक्तातल्या वाकड्या पेशी नसांमध्ये अडकतात आणि हाडं दुखायला लागतात. ते दुखणं कसं असतं हे सांगत बसत नाही. ज्याला आहे त्याला माहीत आहे, ज्याला नाही त्याने उगाच अंदाज बांधू नये. मामाजींच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा गोंदियाला जाऊन मशीनवर झोपावं लागतं, आणि मधल्या दिवसांत जे पितील ते अंगातच साठतं. म्हणून डॉक्टरांनी त्यांना दिवसाचं पाणी मोजून दिलंय. आई ते सकाळीच एका तांब्यात भरून ठेवते. माझ्या बाटलीवर तिने नेलपॉलिशने रेघा ओढल्यात, कोणत्या वेळेला कुठपर्यंत संपली पाहिजे त्याच्या. अशी दोन माणसं एका छताखाली, तीही अर्जुनी मोरगावकडच्या मे महिन्यात, देवाने बरी जोडी जमवली.

मामाजी एस.टी.चे ड्रायव्हर होते. मामी गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर बहिणीकडे राहायला आले. मी शाळेत शिकवते, त्यामुळे उन्हाळ्यात दोघंही बिनकामाचे. बिनकामाची माणसं जे करतात तेच आम्ही केलं. एका दुपारी मामाजी माझ्या बाटलीकडे बघत म्हणाले, "तुह्यानं संपत नाई, माह्यानं राहवत नाई. मंग एवढा विचार कायले करून राहिली?" मी बाटली दिली. चार-पाच दिवस आई आम्हाला शाबासकी देत होती. माझ्या रेघा वेळेवर खाली उतरत होत्या आणि मामाजींच्या तांब्यात संध्याकाळी पाणी उरत होतं. असे गुणी आजारी आख्ख्या तालुक्यात नसतील.

आईला फसवता येतं, काट्याला नाही. मशीनवर घेण्याआधी वजन करतात. तिथली सिस्टर काटा बघून म्हणाली, "मामाजी, ये खाने का वजन नहीं है. किसका पानी पिया?" मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, एवढी त्यांची सज्जनता. पण त्या दिवशी मशीनने जास्तीचं पाणी ओढलं आणि त्यांच्या पायांत असे गोळे आले की घाटातून गाडी उतरवताना कधी न ओरडलेला माणूस ओरडला. मी त्यांचे तळवे दाबत बसले. परतीच्या गाडीत सौंदड गेल्यावर म्हणाले, "आता मी नाई येत गोंदियाले."

मला वाटलं रागात बोलले. पण मशीनच्या पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशीही त्यांचं तेच. आंबा नाही, टरबूज नाही, पाणी नाही, आणि वर ते गोळे. बस झालं म्हणाले. आई रडली, भांडली, एक वेळ जेवली नाही. मशीन सोडलेला माणूस फार दिवस राहत नाही, हे आम्ही त्याच वॉर्डात बघितलं होतं. शेवटी आई माझ्यावर आली. "तूच पाजलं ना त्याले? आता तूच ने."

मामाजी अंगणात कडुनिंबाखाली खाटेवर पडले होते. मी जाऊन नुसतीच बसले. मला समजूत घालता येत नाही. शाळेत मी छडी आपटते, इथे ते चालण्यासारखं नव्हतं.

सुरुवात त्यांनीच केली. "तहान लागते म्हनून पेत नव्हतो मी. तहानेची सवय झाली. पान्याची आठवन येते."

मग ते सांगायला लागले. आयुष्यभर गाडी चालवली, प्रत्येक थांब्यावर खाली उतरून पाणी प्यायले. कुठे विहिरीचं, कुठे बोअरचं, कुठे कुणाच्या घरच्या मडक्यातलं. डोळे बांधून पाजलं असतं तर गाव सांगितलं असतं म्हणाले. त्यांचं बोलणं ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण आजवर पाणी गोळीसारखं गिळत आलो.

"एक काम कर," ते उठून बसले. "मी नाई पेत. तू पे. पन चव सांगाची मले. खरी. एक चव सांग, मी एक पाळी गोंदियाले येतो. खोटं सांगितलं का त्याच दिवशी बंद."

"मी खोटं काऊन सांगीन?"

"भाचीचं बोलनं खोटं होत नाई," म्हणाले, आणि मशीनच्या सुया टोचत नाहीत तो चांगला हात लांबवून माझ्या पायांना लावला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. मामाजी तर मला झापतानाही आधी पाया पडून घेतात.

आईने एकच अट घातली, बाहेरचं पाणी उकळूनच प्यायचं. मला कसलाही ताप परवडत नाही. मामाजी म्हणाले, उकळलं म्हणजे अर्धी चव मेली. आई म्हणाली, राहिलेली अर्धी सांगेल ती. मग ते पाणी रात्री उकळून छोट्या सुरईत ठेवायचं आणि सकाळी ऊन तापायच्या आत, ओट्यावर, मी प्यायचं असं ठरलं.

पहिलं पाणी शेजारच्या विहिरीचं होतं. मी प्यायले. मामाजी माझ्या गळ्याकडे बघत होते.

"सांग."

"पान्यासारखं लागते."

"मास्तरीन हायेस ना? पोराईले असाच निबंध शिकवतेस का? गाय गाईसारखी दिसते?"

मी पुन्हा एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला. लाज वाटत होती, पण गंमतही वाटत होती. म्हटलं, पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर जो वास येतो, तसं काहीतरी शेवटी लागतं. मामाजींनी मांडीवर थाप मारली. "दगड लागला खाली त्या विहिरीले! खोदली तवा मी होतो." आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने गाडीत बसले.

त्या उन्हाळ्यात मी जेवढं पाणी प्यायले तेवढं आईने आजवर शिव्या देऊनही पाजलं नव्हतं. मामाजींचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर बाटल्या आणून द्यायचे. नवेगावकडचं आलं, केशोरीकडचं आलं. एक पाणी जांभळाच्या सालीसारखं तुरट निघालं. एक घागरीएवढ्या पितळी गुंडात रात्रभर ठेवल्यासारखं. एका गावच्या पाण्याला मी म्हटलं, हे प्यायल्यावर जास्तच तहान लागते. मामाजी म्हणाले, त्या गावचे लोकही तसेच आहेत, एकदा बसले की उठत नाहीत. मामाजी स्वतःच्या तांब्यातल्या पाण्याचा छोटा ग्लास घेऊन बाजूला बसायचे. एवढंसं तोंडात घ्यायचे, खूप वेळ फिरवायचे, आणि मी सांगत असताना गिळायचे. त्यांना ते पुरत होतं असं मी म्हणणार नाही. पण काटा बरा दाखवायला लागला.

वॉर्डात ही गोष्ट लपून राहिली नाही. तिथे सगळे तहानलेलेच. एक म्हातारी होती, गोंदियातलीच, आयुष्यभर बिड्या वळलेली. ती एकदा म्हणाली, "बेटी, हमको भी सुना." मी तिच्या मशीनशेजारी स्टूल घेऊन आदल्या पाळीचं पाणी सांगितलं. बाकीचे माना वळवून ऐकायला लागले. उन्हाळ्यात लोक गोष्टी ऐकायला जातात, थंड हवेच्या ठिकाणी जातात, आमच्या लोकांनी हे काढलं. पुढच्या पाळीला म्हातारीच्या मुलाने तिच्या माहेरच्या विहिरीची बाटली आणली. मी घरी नेऊन उकळली, प्यायले, आणि नंतर तिला सांगितलं की त्यात किंचित धुराचा वास आहे. ती म्हणाली, "चूल्हा वहीं था, कुएँ के पास." मग तोंडावर पदर घेऊन पडून राहिली. सिस्टरने मला खूण केली की आता पुरे, बीपी वाढेल.

पण एक पाणी मामाजी मागवत नव्हते. चिचगडचं. तिथे त्यांची मुक्कामी गाडी असायची. पहाटे गाडी काढायच्या आधी जंगलाच्या कडेच्या एका विहिरीवर तोंड धुवायचे, आणि ते पाणी प्यायले की मग दिवसभर कुठलंही प्यायलं तरी चालायचं म्हणे. मी विचारलं, मग तेच का नाही मागवत?

"ते शेवटी," म्हणाले. "ते झालं का मंग राहिलंच काय?"

ते सहज बोलले असतील. पण मी धसका घेतला. गावं संपत आली होती. एकेक बाटली आली की मला चव घेण्याआधी भीती वाटायची, की आता चिचगडच उरलं. मी मुद्दाम वेळ काढायला लागले. एकाच विहिरीचं सकाळचं आणि संध्याकाळचं वेगळं लागतं असं काढलं. मामाजी म्हणाले, "मास्तरीन लई हुशार झाली," पण चालवून घेतलं.

आणि मग मीच घात केला. शेजारच्या लग्नात, भर दुपारच्या वरातीत नाचले. बाटली घरी राहिली. डोक्यावर हिरव्या मांडवाची सावली होती तोवर ठीक होतं, पण नवरीच्या बहिणीने हात धरून उन्हात ओढलं आणि मला वाटलं, एवढ्याने काय होतं. एवढ्यानेच होतं. रात्री मांड्या आणि कंबर धरली. दवाखान्यात सलाईन लागलं, मग घरी आले तरी अंगात ताप आणि उठून बसायची सोय नाही. आई बोलणी द्यायचंही विसरली, त्यावरून मला समजलं की ती किती घाबरली आहे.

त्याच आठवड्यात मामाजींची पाळी आली. चव सांगायला कुणी नव्हतं. आई त्यांना विचारायलाही धजली नाही. सकाळी ते धुतलेला शर्ट घालून माझ्या खाटेजवळ आले, पायांना हात लावला.

मी म्हटलं, "मी तं काही सांगितलं नाई."

"चूप राय," म्हणाले, आणि एकटेच गेले.

संध्याकाळी आले तेव्हा ओल्या गमछात गुंडाळलेली बाटली होती. चिचगडच्या गाडीवरचा त्यांचा जुना कंडक्टर वॉर्डात आणून देऊन गेला होता. मामाजींनीच फोन करून मागवली होती. "याच्यानं तोंडाले चव येईन तिच्या," आईला म्हणाले. आईने उकळून सुरईत भरली. पण मला दोन-तीन दिवस काहीच पोटात ठरेना, म्हणून ती सुरई तशीच झाकून राहिली. मी पडल्या पडल्या तिच्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, कशाला मागवलं हो.

पुढच्या पाळीच्या दिवशी मी उठून बसले. मामाजी तयारच होते. आईने पेला भरून हातात दिला.

मी एक घोट घेतला. आधी काहीच लागलं नाही. मग, उपाशीपोटी कच्च्या तांदळाचा दाणा चावत राहिल्यावर येतो तसा, हळूहळू गोडवा आला आणि जिभेवर राहिला. एवढं चांगलं पाणी मी त्या उन्हाळ्यात प्यायले नव्हते. कधीच प्यायले नव्हते. मी दुसरा घोट घेतला, आणि तिसराही, आणि मामाजी माझ्या गळ्याकडे बघत होते.

"सांग."

मी पेला खाली ठेवला. "कडू लागते, मामाजी."

"कडू?"

"तापानं तोंड आलं माहं. याची चव आज धरू नका. पुन्हा कधी मागवू."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. उन्हाळाभर त्यांनी माझा चेहरा वाचला होता, तिसरा घोट कुणी कडू पाण्याचा घेत नाही हे त्यांना सांगायला नको होतं. आई सुरई धरून उभी होती. मला वाटलं, आता चप्पल काढून आत जातील.

त्यांनी आईपुढे आपला छोटा ग्लास धरला. तिने थेंब थेंब करत घोटभर ओतलं. मामाजींनी ते तोंडात घेतलं, डोळे मिटले. गिळायला त्यांनी एवढा वेळ लावला की आई त्यांच्या खांद्याला हात लावायला पुढे झाली.

"हो व," म्हणाले. "कडूच हाय."

मग डोळे पुसले, ग्लास उपडा ठेवला, आणि गाडी चुकेल म्हणून माझ्यावरच ओरडत पायऱ्या उतरले.