तेजाबात धुतलेला पंप

"ताई, फेस यायचा थांबलाय. आणि गोगलगाई काचंवरनं खाली पडाय लागल्यात," रूपाली फोनवर म्हणाली.

मी तेव्हा उंब्रजला एका हॉटेलच्या माशांच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभी होते.

"स्किमरच्या पंपाचा आवाज येतोय?"

"गूंऽ गूंऽ येतोय. पर बुडबुडं न्हाईत."

"त्याचं बटण बंद कर, नाहीतर जळेल. पाणी फिरवणारा दुसरा पंप चालूच ठेव. मी निघते."

हात पुसले, गाडी काढली आणि कराडवरून विट्याचा रस्ता धरला.

रूपालीचे सासरे आप्पा. विट्याच्या आसपासची बरीच घरं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. ही माणसं देशभर दुकानं टाकतात. आप्पांनी तीस वर्षं तुतिकोरिनला काढली. तेजाबाच्या वाफांनी छाती खराब झाली, तेव्हा दुकान मुलावर सोपवून ते परत आले. समुद्रकाठी राहिलेला माणूस. इथे आल्यावर बंगल्याच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी हवी म्हणाले. सात वर्षांपूर्वी ती मीच लावून दिली. चारशे लिटर पाणी, सूक्ष्म जीव वसलेला समुद्रातला 'जिवंत' खडक, मऊ जातीची प्रवाळं, दोन कोळंब्या, गोगलगाई आणि नारंगी-पांढऱ्या क्लाउनफिशची एक जोडी. प्रवाळ झाडासारखं दिसतं, पण तो प्राणी असतो. दगडासारखी कडक प्रवाळं घरी ठेवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. ती मी कुणालाच लावून देत नाही.

अशा टाकीत स्किमर लागतो. गुऱ्हाळात काहिलीवर मळी येते आणि गुळव्या ती काढून टाकतो, हे आमच्याकडे सगळ्यांनी बघितलेलं असतं. स्किमर तेच करतो. त्याचा पंप पाण्यात अगदी बारीक हवा घुसळतो, घाण बुडबुड्यांना चिकटून वर येते आणि वरच्या कपात जमते. शिवाय पाण्याला हवाही मिळते. पंप बंद पडला की घाण आत राहते आणि हवा कमी पडते. म्हणून फोन आल्याबरोबर मी धरूनच चालले होते की हा हवेचा प्रश्न आहे.

"आल्या व्हय मासंवाल्या बाई?" आप्पा दारातूनच मोठ्याने म्हणाले. ते नेहमी असंच म्हणतात. त्यापायी शेजारणीने एकदा मला बोंबील आहेत का म्हणून विचारलं होतं. पण त्या दिवशी आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

टाकीकडे बघितलं. प्रवाळं मिटलेली. चामड्यासारखं दिसणारं मोठं प्रवाळ एका बाजूला कललेलं. तळाच्या वाळूत सात-आठ गोगलगाई उलट्या पडलेल्या.

"वाचंल का?" आप्पांनी विचारलं.

"बघते."

"न्हाई वाचली तर टाकी काढूनच न्या. रिकामी काच मला हॉलात नगं."

रूपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती मला हळूच म्हणाली, "ताई, काढू नगा. दुसरं काय हाय त्यांना? दम लागतोय म्हणून भाईरसुदिक जात न्हाईत."

पंप सोडवून उघडला. हा पंप आतून साधा असतो. एक लोहचुंबक, त्याला जोडलेलं काटेरी चाक, म्हणजे इम्पेलर, आणि दोघांच्या मधून जाणारी चिनी मातीची बारीक दांडी. दांडीच्या दोन्ही टोकांना रबराची बुचं. खाऱ्या पाण्यात या सगळ्यावर चुन्याचा थर बसतो. तो काढायला पंप व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवायचा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासायचा. आप्पांना मी हे दोनदा करून दाखवलं होतं.

चुंबकावरचं प्लास्टिक फुटलं होतं. आत पाणी शिरून चुंबक गंजून फुगला होता आणि जागेवरच अडकला होता. म्हणून नुसती गुणगुण येत होती. रबराची बुचं बोटाला चिकटत होती. दांडी मात्र दुकानातून आणल्यासारखी चकचकीत.

"आप्पा, हा कधी धुतला?"

"परवा. तुमी सांगितलं तसाच."

मी पुढे काही विचारलं नाही. इम्पेलर गेलेलाच होता. गाडीत माझा एक सुटा पंप असतो, तो काढला. कंपनी वेगळी, त्यामुळे तोंड जाड. होजपाइपचा तुकडा गरम पाण्यात मऊ केला, दोन्ही तोंडांवर चढवला, वरून क्लिप आवळल्या. तासाभरात स्किमरमध्ये दुधासारखे बुडबुडे दिसायला लागले.

"झालं," मी म्हणाले. "दोन दिवसांत फेस नीट येईल."

आप्पा खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. मी हत्यारं गोळा करत होते. तेवढ्यात कोळंबीकडे लक्ष गेलं. ती दगडावर आडवी पडून पाय झाडत होती. माझ्या डोळ्यांसमोर ती थांबली. आणि दोन्ही क्लाउनफिश काचेला तोंड लावून खाणं मागत होते.

मी हत्यारांची पेटी खाली ठेवली. हवा कमी पडली की सगळ्यात आधी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. इथे मासे खणखणीत होते आणि गोगलगाई, कोळंबी, प्रवाळं मरत होती. पंप बदलायला मला तास लागला होता आणि मूळ आजाराला मी हातही लावला नव्हता.

"आप्पा, पंप कशानं धुतला?"

"सांगितलं की. तुमच्या त्या व्हिनेगरनं."

"व्हिनेगरनं रबर असं चिकट होत नाही."

आप्पांनी उपरण्याने काच पुसायला घेतली.

"सांगा की आवं," रूपाली म्हणाली. "परवा परसात वास कसला सुटला हुता?"

"तू गप गं."

"मी गप बसते. टाकी मरू द्या मग."

आप्पांनी खाकरून घेतलं. "तेजाब हुतं. पर पातळ केलं हुतं, दहाला एक. व्हिनेगर म्हंजी लोणच्यात वतायची वस्तू, बाई. रातभर भिजवा, सकाळी घासत बसा. तेजाबानं पाच मिंटात चुना सुटला. तीस वर्सं ह्या हातानं केलंय मी."

तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड. सोन्यात मिसळलेलं तांबं आणि चांदी त्यात विरघळते, सोनं तेवढं मागे राहतं. आप्पांनी धंदा सोडला होता, पण एक बाटली ठेवून घेतली होती.

"चुना सुटला, बुचं सुटली आणि चुंबकाचं प्लास्टिक फुटलं," मी म्हणाले. "पण नुसतं एवढंसं पातळ तेजाब चारशे लिटरमध्ये गेलं तर कोळंबी मरत नाही. भिजवलात कशात?"

"वाडग्यात."

"कुठल्या? दाखवा."

रूपालीने परसातल्या फळीवरून चिनी मातीचा जाड वाडगा आणला. आतल्या चकाकीला बारीक तडे गेले होते आणि तड्यांत निळसर हिरवं काहीतरी भरलेलं होतं. तळाच्या निम्म्या भागातून ते धुऊन निघाल्यासारखं दिसत होतं.

"हे काय आहे?"

"तुतिकोरिनचा हाय त्यो. दुकानातला. ते निळं म्हंजी तां..." आप्पा मध्येच थांबले. रसायन त्यांना मी शिकवायची गरज नव्हती.

"मग पंप खळबळला कशात?"

"टाकीतल्याच पाण्यात. बादलीभर काढलं हुतं."

"आणि बादली?"

"परत वतली आत. खारं पाणी वाया घालवू नगा म्हणून तुमीच सांगता की."

मी सांगते खरं. हे पाणी आरओच्या पाण्यात खास मीठ कालवून करावं लागतं, दिवसभर फिरवावं लागतं. म्हणून जपून वापरा असं प्रत्येकाला सांगते.

वाडग्यातलं तांबं तेजाबात उतरलं, पंपाला लागून बादलीत आलं आणि बादलीतून टाकीत. तांबं माशांना थोडं चालतं. माशांच्या काही औषधांतही ते असतं. पण गोगलगाय, कोळंबी आणि प्रवाळ यांना त्याचा अंशही सोसत नाही. उपाय होता, पण धोक्याचा. प्रवाळं उपटून दुसऱ्या पाण्यात न्यायची आणि टाकीचं निम्मं पाणी फेकायचं. निदान चुकलं असतं तर त्या हलवाहलवीनेच उरलेली मेली असती. आणि तांबं तपासायचं माझं किट साताऱ्याला घरी होतं.

"किट आणायला उद्या उजाडेल," मी म्हणाले.

"किट कशाला पायजे?" आप्पा खुर्चीतून उठले. "रूपा, लोखंडी खिळा आण. घासून आण. आणि ते लोणच्यातलं दे."

त्यांनी वाडग्यात चार चमचे व्हिनेगर ओतलं आणि बोटाने तड्यांवर फिरवलं. व्हिनेगर हळूहळू निळसर झालं. त्यात त्यांनी खिळा ठेवला. आम्ही तिघं उभ्याने बघत राहिलो. पंधरा मिनिटांनी त्यांनी खिळा काढला आणि उजेडात धरला. बुडलेला भाग लाल झाला होता. तांब्याचं पाणी असेल तर तांबं लोखंडावर येऊन बसतं. गलाईच्या माणसाला हे पोटापाण्याचं ज्ञान आहे.

"करा तुमी काय करायचं ते," आप्पा म्हणाले.

शेतावरचं अर्ध्यात कापलेलं निळं पिंप मागवलं. ते धुऊन त्यात घरात तयार असलेलं साठ लिटर खारं पाणी ओतलं, हीटर आणि एक छोटा पंप सोडला. प्रवाळं दगडांवरून एकेक करून कापून काढली आणि पिंपात मांडली. कललेलं मोठं प्रवाळ हातातच विरघळलं आणि त्याचा वास घरभर सुटला. रूपालीने पदर नाकाला लावला, पण परात धरून उभी राहिली. टाकीत माझ्याकडचा पाणी शुद्ध करणारा सगळा कोळसा जाळीच्या पिशवीतून सोडला. आरओचं यंत्र चालू केलं आणि नव्या पाण्याची तयारी सुरू केली. मीठ ढवळायचं काम आप्पांनी मागून घेतलं. दहा वेळा ढवळायचे, दम खायला बसायचे, परत उठायचे. मी त्यांना थांबवलं नाही. कामाला माणसं कमी होती.

दुसऱ्या दिवशी किट घेऊन गेले. टाकीच्या पाण्यात तांबं निघालं. पुण्याहून तांबं शोषणारा मसाला एसटीच्या पार्सलने आला, तो कोळशाच्या जागी भरला. पण दगड तांबं पिऊन घेतो आणि आठवडेच्या आठवडे थोडं थोडं सोडत राहतो. त्यामुळे काम एका दिवसाचं नव्हतं. दोन महिने दर चार दिवसांनी पाणी बदललं. पहिल्या तीन वेळा मी गेले. नंतर आप्पा आणि रूपाली करायचे आणि मला फोनवर आकडा सांगायचे.

गोगलगाई सगळ्या गेल्या. दोन्ही कोळंब्या गेल्या. बटणासारख्या प्रवाळांतली निम्मी गेली. हिरवी चपटी प्रवाळं पिंपात नवव्या दिवशी उघडली. किटवर तांबं सलग तीन आठवडे शून्य आल्यावर ती परत टाकीत लावली. क्लाउनफिशच्या जोडीला यातलं काही कळलंच नाही. टाकी हॉलमध्येच आहे.

आप्पांची चूक मोठी होती, पण माझीही लहान नव्हती. ती चकचकीत दांडी मी पहिल्या पाच मिनिटांत बघितली होती. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलेली दांडीसुद्धा इतकी लख्ख निघत नाही, हे मला माहीत होतं. तरी हाताला पंप लागला म्हणून पंप बदलत बसले. तेवढ्या वेळात एक कोळंबी मेली.

आता कुठल्याही टाकीवर पंप उघडण्याआधी तीन गोष्टी विचारते. शेवटचा कुणी धुतला, कशानं धुतला आणि कशात धुतला. पहिल्या दोन प्रश्नांना लोक मला आवडेल ते उत्तर देतात. म्हणून तिसऱ्याला उत्तर घेत नाही, भांडंच आणायला सांगते. काहींना राग येतो. येऊ दे. भांडं बघितल्याशिवाय मी पंप बसवत नाही.