तिघींचा खेळ

खेळाच्या बाई म्हणजे शिट्टी आणि रांग, एवढीच माझी समजूत. मी कुंभारीच्या शाळेतला क्लार्क. माझ्या खिडकीतून मैदान दिसतं म्हणून सांगतोय, नाहीतर हँडबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही.

दानेश्वरी बिराजदार बाई आल्या तेव्हा आमच्या मुली सात-सातजणींचा सामना खेळायच्या. म्हणजे खेळायच्या दोघी, बाकीच्या नुसत्या पळायच्या. बाईंनी काही दिवस गुमान बघितलं आणि एक दिवस चुन्यानं मैदानाचे चार तुकडे पाडले. एकेका तुकड्यात तिघींविरुद्ध तिघी. वर नियम असा की तिघींच्याही हाताला चेंडू लागल्याशिवाय गोल मारायचा नाही.

हेडसर खवळलेच. "बाई, हा काय पोरखेळ? जिल्ह्याला सात-सातजणी असतात!"

"चेंडू हाताला लागल्याबिगर खेळ कळतो व्हय, सर? सातजणींत तो कुणाच्या वाट्याला येतोय?"

"बघा हं. यंदा पहिल्याच फेरीत हरलात, तर संघ दुसऱ्याकडं देईन."

बाई लग्नाआधी स्वतः खेळायच्या. सासरी आल्यावर सुटलं ते सुटलंच. आता त्यांच्या हातात होता तो हा संघ. त्याच्यावर त्यांचा लई जीव.

आठवीतली रुद्राणी आधी कडेला उभी राहून वेणीचं टोक चावायची. दिवाळीनंतर तीच ओरडायला लागली, "ए, हिकडं दे की!" मी फायली बाजूला सारून बघत बसायचो. कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू?

जिल्ह्याच्या पहिल्या फेरीच्या सामन्याला मीही गेलो, पोरींच्या खाण्यापिण्याचं बघायला. शेवटचं मिनिट, आम्ही एका गोलनं मागं. चेंडू रुद्राणीच्या हातात आला. समोर फक्त गोलकीपर, तीही पाय घसरून पडलेली.

"मार गं!" मी बोंबललो.

पोरीनं मान वळवली. त्या चढाईत तोवर चेंडू तिच्यासकट दोघींच्याच हाताला लागला होता. तिनं तिसरीला शोधलं, पास दिला आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली. अरे देवा! असा संताप आला की काय सांगू. परतीच्या टमटममध्ये रुद्राणी हुंदके देत होती.

दुसऱ्या दिवशी मी सहीसाठी हेडसरांसमोर उभा होतो, तेव्हा बाईंना बोलावणं आलं. सर जरा निवळले होते. दरवर्षी सडकून हरणारी शाळा यंदा एकाच गोलनं हरली होती.

"खरं सांगा, पोरगी घाबरली ना? तिला काढा, विषय संपला. संघ तुमच्याकडंच राहू दे."

मी मनात म्हणतोय, हो म्हणा की बाई! एका शब्दाचं तर काम.

"न्हाय सर. ती घाबरली न्हाय. तो नियम सरावापुरता हाय, सामन्यात सोडायचा, हे मीच पोरींना सांगितलं न्हवतं. तिनं मी शिकवलं तेच केलं."

सरांनी माझ्या हातातला कागद ओढून सही ठोकली. "मग माझा नाइलाज आहे. आजपासून संघ आपले विज्ञानाचे हृषीकेश सर बघतील."

बाई बाहेर आल्या. व्हरांड्यात रुद्राणी खांबाला टेकून उभी होती, डोळे सुजलेले.

"बाई, मला काढलं का?"

"न्हाय गं. तू हायस." बाईंनी तिची ओढणी नीट केली. "संध्याकाळी वेळेवर जा. आजपासून संघाला नवीन सर हायत, त्यांना उशीर चालायचा न्हाय."